बुडवून ठेवलेली नाव

नाव टिकवायची तर ती बुडवून ठेवायची, असं सांगितलं की बाहेरचा माणूस हसतो. वैनगंगेच्या काठचे आम्ही मात्र तेच करत आलो. लाकडाला ऊन लागलं की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. म्हणून बरेच दिवस काम नसलं की नावेत दगड भरायचे आणि तिला उथळ पाण्यात तळाशी बसवायचं. काम निघालं की दगड काढून वर घ्यायची. माझ्या बानं त्या वर्षी नाव तशीच ठेवली होती. ती मेली ती माझ्यामुळे.

धरणानं आमचं गाव घेतलं आणि बाला वारा दिला. आधी तो बांबूनं रेटा देत नदी ओलांडायचा. गावावर पाणी पसरलं, बांबू तळाला पोचेना, तेव्हा साठीच्या या माणसानं खताच्या रिकाम्या गोण्या उसवून शीड शिवलं आणि वाऱ्यावर नाव हाकायला शिकला. पवनीच्या बाजाराचे भाजीवाले, धान कापायला निघालेल्या बाया, पलीकडे दिलेल्या लेकी, सगळ्यांना तोच नेत-आणत असे. मग पूल झाला. तीच माणसं मोटरसायकलवरून भुर्रकन जाऊ लागली, कोणी वळून पाहिलं नाही. पुलासाठी अर्जावर सही करणाऱ्यांत मीही होतो, तेही सांगून टाकतो.

नव्या गावठाणात किराणा दुकान टाकायचं मी ठरवलं होतं. बानं दुकानात बसायचं, मी पवनीहून माल आणायचा. फळी कुठे, तराजू कुठे, मी मातीत काडीनं रेघा ओढून त्याला दाखवायचो. तो प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचा आणि शेवटी म्हणायचा, पावसाळ्यात एकदा नाव काढून पाहू. या एका वाक्यानं माझं डोकं फिरायचं. मला त्याची नदी नको होती. जन्मभर तिच्या भरवशावर जगून आमच्या हाती काय लागलं होतं?

होळी झाल्यावर आम्ही नाव आवरली. शिडाचा बांबू उतरवला, शीड धुऊन वाळवलं. सांध्यांत कापूस ठोकून डांबर भरलं, आतून-बाहेरून मोहाच्या बियांचं तेल चोळलं. तीर्थाला निघालेला माणूस घराची कुलुपं ओढून पाहतो तसा बा एकेक सांधा दोन-दोनदा तपासत होता, आणि मी मोबाइलमध्ये वेळ पाहत होतो. दगड भरून नाव खाली बसली तेव्हा तो बराच वेळ पाण्यातच उभा राहिला.

मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तो भंडाऱ्याला गेला आणि तिथून आंधळगावला माझ्या बहिणीकडे महिनाभर राहिला. जाताना एकच गोष्ट बोलला.

"पानी उतरलं त दगडं काढून नाव समोर खोल पान्यात सरकवजो. लाकडाले ऊन नको दाखवू."

मी हो म्हणालो.

धरणातून कालव्यांना पाणी सोडणार, असं भोंग्यावरून सांगत गाडी फिरली तेव्हा मी दुकानाचं छप्पर ठोकत होतो. तीन दिवसांनी काठावर गेलो तर नावेचं टोक पाण्यावर आलं होतं. दगड काढायला फार तर तासभर लागला असता. मी बिडी ओढली आणि परत आलो. आठवड्यानं अर्धी नाव उघडी पडली. नंतर तर सांध्यांतला कापूस बाहेर लोंबायला लागला. दुकानाची कामं आहेत, असं मी स्वतःला सांगत होतो. खोटं होतं ते. नाव गेली की बा काठावर राहील, एवढंच मला हवं होतं.

काळा चष्मा लावून बा आला तो घरी न येता सरळ नावेकडे गेला. त्यानं सांध्यांवरून हात फिरवला. बोट दोन फळ्यांमधून आरपार गेलं. पाणी कधी उतरलं, त्यानं विचारलं. परवा, मी म्हणालो. नावेभोवतीचा गाळ वाळून भेगाळला होता, भेगांतून गवत उगवलं होतं. जन्मभर गाळ तुडवलेल्या माणसाला मी परवा म्हणालो. फळ्या दुकानात कामी येतील, एवढं बोलून तो घराकडे चालू लागला.

आल्या कामी. तेला-साबणाचं सगळं सामान त्याच फळ्यांवर आहे. शीड दारापुढे सावलीला बांधलं. बा दिवसभर त्याखाली पाण्याकडे पाठ करून बसायचा.

वर्षभरानं एका दुपारी जोराचा वारा सुटला. शीड फुगलं, खांब करकरले. बा तराजूत साखर तशीच टाकून धावला आणि त्यानं शिडाचा दोर सैल केला. शिडातला वारा निघून गेला. बुढ्याले वाटलं दुकान पवनीले चाललं, असं म्हणत गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो, आणि लगेच लाज वाटली.

गिऱ्हाईक गेल्यावरही दोर त्याच्या हातातच होता.

"गुडघ्याएवढ्या पान्यात उतराले तुले कायचा भेव वाटला?"

इतक्या दिवसांत त्यानं हा विषय काढला नव्हता. मला खोटं सुचलं नाही.

"तू वापस नदीवर जाशीन, ह्याचा."

त्यानं दोर खांबाला पुन्हा बांधला, गाठ ओढून पाहिली.

"त तसं सांगाचं होतं," तो म्हणाला. "मी माह्या हातानं फोडली असती."