रान मेलं नव्हतं, मीच तसं छापलं होतं

मावळातल्या भाजे गावाच्या वरच्या वाडीतल्या मावशीवर अन्याय झाला तो बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या धुळवडीला, भर सकाळी. त्यातला निम्मा मीच केला होता.

वाडीचे हिरडे एका ठेकेदाराला तोडायचे होते. परवानगी फक्त वाळलेल्या झाडांची. पावसानं दगा दिल्यामुळे सगळीच झाडं माघातच पानं झडून उघडी पडलेली, म्हणून त्याचा मुकादम चुन्याची बादली घेऊन दिसेल त्या खोडावर फुली मारत सुटला. वाडीचं पोट त्या हिरड्यांच्या फळांवर. माणसं आडवी आली. तेव्हा मुकादमानं खिशातून पत्रक काढून मोठ्यानं वाचलं: ‘मावळचं रान मेलं!’

पत्रक माझं. लोणावळ्याच्या बाजारात घसा फोडून वाटलेलं. सरकारला जाग यावी म्हणून लिहिलं, जागा झाला मुकादम.

मी तावातावानं शोषणावर बोलू लागलो.

“तू जरा गप, लेका,” मावशी म्हणाली. “तुझ्या कागदानंच लय काम केलंया.”

सगळे हसले. मुकादमसुद्धा.

मग तिनं फुलीशेजारची साल नखानं खरवडली. आत हिरवं, ओलं. “हे मेलं न्हाई, निजलंय.”

मुकादमाच्या झाडमोजणीच्या कागदावर रकाने दोनच, हिरवी आणि वाळलेली. निजलेल्यांना जागाच नाही! असे रकाने आखणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

मावशीनं गेरू मागवला. कातळावरच्या, वीतभर मातीतल्या झाडांना तिनं स्वतःच ठिपके लावले. आत हिरवी असली तरी ती उठायची नाहीत म्हणाली. वैशाखातल्या आखितीपर्यंत, अक्षय्य तृतीयेपर्यंत थांब, गेरूची तुझी, बाकीची आमची, असं तिनं मुकादमाला सुनावलं. म्हातारी हरणार म्हणून तो चारचौघांत हो म्हणून बसला.

आखितीला गेरूची झाडं कोरडी ठक्क आणि बाकीच्यांना कोवळी पालवी. चुकलं एकच, ओढ्याकाठचं; गेरू न लावलेलं ते वाळून गेलं. तिनं ते आपणहून मुकादमाला दिलं.

“लाडावलेलं व्हतं,” ती म्हणाली. “तहान कदी ठावंच न्हाई त्याला. पाऊस आता पयल्यासारका वागत न्हाई, तवा आमीबी नवं शिकाया पायजे.”

पुढच्या वर्षी गेरूचा पहिला ठिपका ओढ्याकाठी पडला. माझं पत्रकही नवं निघालं, तिला वाचून दाखवून.

जुनं तुमच्याकडे असेल तर त्याचा मथळा आजच खोडा. आणि उघडं झाड दिसलं की कुऱ्हाडीआधी नख लावा. सुरुवात तुमच्या दारातल्या झाडापासून करा.