ओट्यावरचा क्लॅरनेटवाला

अकोल्यात माझ्या घरासमोर बँडपार्टीचं दुकान होतं. तिथला क्लॅरनेटवाला रोज सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायचा आणि डोळे मिटून विचारायचा, "भाऊ, कोनी वाजवून राह्यलं का मलेच आयकू येते?" बहुतेक वेळा ते त्यालाच ऐकू येत असे. मी नाही म्हटलं की तो मान हलवायचा आणि ऐकलेलं वाजवून दाखवायचा. ते सूर ऐकता ऐकता माझा चहा गार होऊन जाई.

डॉक्टरांच्या गोळ्यांनी तो आवाज थांबायचा, पण बोटंही जड व्हायची. कापूस बुडाल्याची ती वर्षं. खेड्यांतली लग्नं बँडाविनाच लागत होती. एका मोसमात पातूरकडची एकच वरात मिळाली. तिच्यासाठी त्याने गोळ्या सोडल्या. वरात पुढे निघून गेली आणि हा वाळल्या कपाशीच्या शेतात उभा राहून वाजवत राहिला. त्याला परत आणलं तेव्हा ओठांतून रक्त येत होतं. "थो आवाज मले थांबूच देत नव्हता," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने क्लॅरनेट माझ्या हातात दिली. "ठेवा तुमच्यापाशी. मी मांगतली तरी देऊ नका. दोन महिने डाक्टरच्या गोया खातो, मंग पाहू."

दोन महिने तो ओट्यावर नुसता बसून राहिला. शेवटी मीच क्लॅरनेट त्याच्यापुढे धरली. त्याने सावकाश एक साधी धून वाजवली. मध्येच सूर घसरला आणि मला वाईट वाटलं.

तो मात्र हसला. "चुकलो ना भाऊ. पन आता मीच वाजवून राह्यलो."