आठ ओळी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही. पण आता राहवत नाही.

प्रज्ञा आणि मी अकोल्याला एकाच कॉलेजात होतो. तिचं गाव बाळापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. हापशीचं खारं पाणी पिऊन पिऊन तिच्या बाबांच्या किडन्या गेल्या, मग बाबा गेले. त्यावर तिनं रॅप लिहिला. बीट मी बनवली. ती गायची तेव्हा — कसं सांगू? — रडायची नाही. जाब विचारायची.

त्यात आठ ओळी माझ्या होत्या. तिथल्या एका पुढाऱ्याला नाव घेऊन शिव्या. प्रज्ञा म्हणाली होती, "शिवी नको टाकू बे. सवाल टाक. सवालाले भेतात ते." मी ऐकलं नाही. शेवटी माझ्या हट्टापायी गायली ती.

गाण्याचा व्हिडिओ या फोनवरून त्या फोनवर गेला. आठवड्याभरात आम्हा दोघांना पोलीस ठाण्यात बोलावलं.

मुद्दाम सांगतो — मला कोणी हात लावला नाही. साहेब ओरडलेसुद्धा नाहीत. चहा दिला. गायली कोण ते व्हिडिओत दिसतच होतं. लिहिलं कोणी, ते त्यांना हवं होतं.

"ह्या आठ ओळी कोनाच्या?"

"तिच्या, सर. मी फक्त बीट बनवतो."

ती शेजारीच होती, हातभर अंतरावर. माझ्याकडे पाहत होती — मी कपाकडे. मग म्हणाली, "हो. माह्याच हायेत."

का म्हणाली? विचारायची छाती झाली नाही. स्टँडपर्यंत सोबत चाललो. एवढंच बोलली, "घरी जाय तू. तुही माय वाट पाहून राहिली असन."

गुन्हा तिच्या एकटीवर लागला. पुढं पोलीस भरतीत ती धावण्यात पास झाली, लेखीत पास झाली — आणि चारित्र्य पडताळणीत अडकली. आता वरूडला संत्र्यांच्या पॅकिंगवर जाते. गात नाही म्हणे. मी दोनदा वरूडच्या एसटीत बसलो. दोन्ही वेळा वाटेत मोर्शीलाच उतरून परत आलो.

एवढंच असतं तर मी नुसता भित्रा ठरलो असतो. पण — तो पुढारी निवडणुकीत पडला. त्याला आता कोणी भीत नाही. मग ते गाणं मीच स्टेजवर गायला लागलो. मागच्या महिन्यात अमरावतीच्या एका कॉलेजनं मला 'निडर रॅपर' म्हणून बोलावलं. पोरं त्याच आठ ओळी माझ्याआधी म्हणत होती. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं विचारलं, "ह्या ओळी तुमच्याच ना?"

"माझ्याच."

खरंच बोललो ना? खरं बोलायला काही लागत नव्हतं, तेव्हा बोललो.

"मग भीती नाही वाटली, दादा?"

प्रज्ञाचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. मी माईक जवळ घेतला आणि म्हणालो, "नाही."

टाळ्या बराच वेळ वाजत होत्या. मी हात जोडून उभा होतो.