पेत्राची बोली मी बदलली

हे मी परवापरवापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, पाळकसाहेबांनाही नाही. त्या संध्याकाळी बडोद्याच्या घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या सभागृहात माझ्या बापाच्या बोलण्यावर तीस-चाळीस माणसं हसली. मीही हसलो. बाप शेवटच्या रांगेत बसला होता.

मी तेव्हा बत्तीसचा. शाळेत मराठी शिकवायचो आणि एक कादंबरी लिहिली होती. प्रभूच्या शिष्यांवर, मुख्यतः पेत्रावर. गालीलच्या किनाऱ्यावरचा तो कोळी, त्याची फाटकी जाळी, कटकट करणारी सासू, तो निघाला तेव्हा दारात उभी राहिलेली बायको. बडोद्यातलं आमचं वाचकमंडळ दर महिन्याला एका नव्या लेखकाचं वाचन ठेवायचं. अध्यक्षांना पसंत पडलं तर मंडळ पुस्तक छापायचं. अध्यक्ष जुन्या दरबारी घराण्यातले. त्यांनी नुसती मान हलवली तरी लोक ती दुसऱ्या दिवशी एकमेकांना सांगायचे.

मी पहिलं प्रकरण वाचायला घेतलं. प्रभूने बोलावलंय आणि सासू पेत्राला अडवते. पेत्र तिला म्हणतो, "म्या जातू. हाळी आली, तिला न्हाई कसं म्हनू?"

अध्यक्षांनी हात वर केला.

"थांबा. हे पुन्हा वाचा बरं."

मी वाचलं.

"अजून एकदा. जरा मोठ्यानं. मागच्यांना ऐकू जाऊ दे."

मी मोठ्यानं वाचलं. पहिल्या रांगेतल्या एक बाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"काय हो," अध्यक्ष म्हणाले, "तुमचा हा पेत्र गालीलचा, की गावकुसाबाहेरचा?"

सभागृहात हशा फुटला. दोघातिघांनी टाळ्या दिल्या. आणि माझ्या तोंडून हसू बाहेर पडलं. ओशाळं, दाबलेलं वगैरे नाही. चांगलं आवाज करून. पकडलंत बुवा मला, असं.

"गमतीनं म्हटलं हं," अध्यक्ष म्हणाले. "कल्पना छान आहे तुमची. पण शिष्य आहेत ते. जगाला उपदेश केलाय त्यांनी. तोंडी शोभेल असं घाला, मग छापू आपण."

"हो सर," मी म्हणालो.

कल्पना माझी नव्हती.

बाप नगरकडचा. इथे एका कारखान्याचं बांधकाम चाललं होतं तेव्हा विटा उचलायला आला. कारखाना उभा राहिला आणि हा तिथेच ठेकेदाराकडे सफाईला लागला. जन्मभर गटारं आणि संडास. शाळा दोन इयत्ता. पण रविवारची भक्ती आटोपली की वासणा भागातल्या आमच्या खोलीपुढे बाज टाकायचा, आणि आमच्यासारखीच नगरकडून आलेली पाच-सहा ख्रिस्ती घरं भोवती जमायची. पाळकसाहेब शिष्यांचं जे सांगायचे ते देवळात. देवळात न सांगितलेलं बाप बाजेवर सांगायचा. कुणाची आई काय म्हणाली असेल, बारा जणांत भांडण लागलं तर कशावरून.

"मत्तय नाक्यावर कर घ्यायचा. मंग त्यो शिष्य झाला तवा पेत्रानं त्याला पैला सवाल काय टाकला आसंल? 'लेका, माझ्या माशांवर किती खाल्लास, ते आदी सांग!'"

माणसं खो खो हसायची. हसत हसत बापाच्या पाठीवर थाप मारायची.

मी ऐकत वाढलो. पुढे लिहून काढायला बसलो तेव्हा त्याला विचारलं होतं, "आबा, मी लिहू का हे?"

"लिव्ह की. म्या कुठं बांधून नेनार हाय?"

वाचनाला तो नवा सदरा घालून आला होता. हे कोण, असं तिथे कुणी मला विचारलं नाही, आणि मी आपण होऊन सांगितलं नाही. परतताना रिक्षात तो एवढंच बोलला, "चाय चांगली व्हती."

मग मी चार महिने लाल पेन घेऊन बसलो. 'म्या'चं 'मी' केलं. हाळीचं पाचारण केलं. मत्तयाचा तो सवाल काढूनच टाकला, कारण शिष्य असं बोलत नाहीत. पेत्राची सासू जावयाला म्हणू लागली, "जावईबापू, थोडा विवेक करावा." जुनी हस्तलिखिताची वही मी स्वतः रद्दीत दिली. पुस्तक निघालं. त्याला बक्षीस मिळालं. एका परीक्षणात सोज्वळ भाषेचं कौतुक होतं. ते कात्रण मी लॅमिनेट करून घेतलं.

बापाला अक्षर लावायला वेळ लागायचा, म्हणून रविवारी बाजेवर मीच वाचून दाखवू लागलो. पहिल्या रविवारी सगळी घरं आली. दुसऱ्या रविवारी निम्मी. महायाजकाच्या अंगणातलं प्रकरण आलं तेव्हा बाप आणि आत्या, दोघंच उरली होती.

तो प्रसंग आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो. प्रभूला पकडून नेलंय. पेत्र लपतछपत मागोमाग आलाय, अंगणात शेकोटीपाशी हात शेकत बसलाय. तिथली माणसं त्याला हटकतात, तूही त्यांच्यातलाच. आणि तो शपथ घेऊन सांगतो, मी त्या माणसाला ओळखत नाही.

बापानं मला थांबवलं.

"त्याला कशावरनं वळकलं त्यांनी?"

"बोलीवरून, आबा. गालीलची बोली. यरुशलेमवाले हसायचे त्या बोलीला."

"आन् तुझा पेत्र काय बोलतूय? परत वाच."

मी वाचलं. "भगिनी, आपला काही गैरसमज होत आहे."

"आन् ती दासी?"

दासीही तसंच बोलत होती. महायाजकही तसाच. शिपाईसुद्धा.

"ह्यो तर त्यांच्यावानीच बोलतूय," बाप म्हणाला. "मंग वळकला कसा?"

अध्यक्षांनी पुस्तक दोनदा वाचलं होतं. बक्षीस देणाऱ्यांनी वाचलं होतं. शिष्यांचा सगळा मामला ज्या एका गोष्टीवर उभा, की ही कोळी माणसं तोंड उघडताच पकडली जायची, तीच मी कापून टाकली होती. आणि प्रसंग तसाच ठेवला होता. कुणाला दिसलं नाही. दोन इयत्ता शिकलेल्या माणसाला एका बैठकीत दिसलं.

बाप उठला. बाज उभी करून भिंतीला लावली. "म्होरलं ऱ्हाऊ दे," म्हणाला.

त्यानंतर तो सहा वर्षं जगला. रविवारचं सांगणं त्यानं बंद केलं. कुणी आग्रह केला तर म्हणायचा, "आता पुस्तकात हाय समदं." सभागृहात मी हसलो ते त्यानं पाहिलं होतं. शेवटच्या रांगेतून माझं तोंड सरळ दिसत होतं. मला सहा वर्षं मिळाली होती. मी त्याच्या औषधांबद्दल बोललो, पंख्याबद्दल बोललो, पोरांच्या मार्कांबद्दल बोललो.

गेल्या महिन्यात मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. तरुण मुलगी आहे, स्वभावानं लाघवी, मराठीत गुजराती मिसळून बोलणारी.

"काका, तुमच्या बुकची नवी आवृत्ती काढतोय. सर स्वतः प्रस्तावना लिहिणार. तुम्ही बस सही करी दो ने! आणि फंक्शनमध्ये ते अंगणवाळं प्रकरण वाचायचं, हां? सरांचं फेवरिट आहे."

प्रस्तावना आली. त्यात एक वाक्य होतं: लेखकाने आपल्या समाजातून आणलेल्या ओबडधोबड साहित्यावर मंडळाच्या मार्गदर्शनाने उत्तम संस्कार केले. मी ते वाक्य तीनदा वाचलं. खोटं त्यात काहीच नव्हतं. मी तसंच केलं होतं.

मी सुभानपुऱ्याला अध्यक्षांच्या बंगल्यावर गेलो. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत.

"या या, लेखक. आज कशी वाट वाकडी केलीत? चहा टाकायला सांगू?"

"नको सर. प्रस्तावना नको. आवृत्तीही नको. पुस्तक मी मागे घेतोय."

"अहो, काय झालं काय?"

"पहिल्या वाचनाला तुम्ही जे मला तीनदा वाचायला लावलंत, ते माझ्या वडिलांचे शब्द होते. ते तिथे बसले होते."

त्यांनी डोळे बारीक केले. खरोखर आठवून पाहिलं. मग मान हलवली. "मला नाही बुवा आठवत. हसलो होतो का मी?"

वीस-बावीस वर्षं मी जे छातीवर घेऊन फिरत होतो, ते त्यांच्याकडे शिल्लकच नव्हतं.

"आणि तसं होतं तर तेव्हाच सांगायचंत की," ते म्हणाले.

हे त्यांचं बरोबर होतं. बरोबर होतं म्हणून जास्त झोंबलं.

"तेव्हा मी तुमच्याबरोबर हसत होतो सर. आता नाही हसत."

"लोकांना आवडलंय हो पुस्तक."

"लोकांना तुमचा पेत्र आवडलाय. माझ्या बापाचा कुणी ऐकलेलाच नाही."

"म्हणजे पुन्हा सगळं त्या तसल्या भाषेत लिहिणार? कोण वाचणार?"

"तसल्याच," मी म्हणालो, आणि प्रस्तावनेचे कागद त्यांच्या टीपॉयवर ठेवून निघालो.

आता मी रोज शाळेनंतर आत्याकडे बसतो. आत्या अठ्ठ्याहत्तरची. तिला आठवतं तेवढं सांगते, मी लिहितो, तिला वाचून दाखवतो. परवा म्हणाली, "आसं न्हाई रं बोलत आपुन. तू नाटकातल्या गड्यावानी लिव्हतुस." तिचं खरं आहे. ती बोली माझ्या कानात आहे, जिभेवर नाही. जिभेवरून मीच पुसली. हे सगळं सांगतोय तेही अध्यक्षांच्याच भाषेत, दुसरी मला येत नाही. म्हणून खोडतो. पुन्हा विचारतो. पुन्हा लिहितो.

पुस्तक निघेल. मंडळाकडून नाही. कव्हरवर माझं नाव नसेल, बापाचं असेल. कुणाला शोभेल, कोण हसेल, हे मी आता कुणाला विचारणार नाही.

मी हसलो, हे बापाला तोंडावर सांगायचं होतं. ते राहिलं, ते आता फिटायचं नाही. बारा शिष्यांपैकी चौघांचं त्याच्या बोलीत लिहून झालंय. आठ मी अजून देणं लागतो.