गल्ली कुठं संपते

औरंगपुऱ्यात एका साडीच्या दुकानाच्या वर आमचा कॉम्प्युटरचा क्लास भरायचा. जिना इतका अरुंद होता, की वर जाणारा आणि खाली येणारा यांच्यात आधी तह व्हावा लागे. वर पोचलो की फळ्यावर चार आकडे, मध्ये टिंबं. हा झाला मशीनचा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस. त्याच्याखाली आणखी चार आकडे, तो सबनेट मास्क. सर खडू फळ्यावर आपटून विचारायचे,

"मियाँ, पत्ता तर सगळ्यांनाच वाचता येतो. पण त्यात गल्ली कुठं संपते आणि घर कुठं सुरू होतं, ते कोण सांगतं? हा मास्क सांगतो. जिथं २५५ तिथवर गल्ली, जिथं शून्य तिथून घर. समझे?"

"समझे," वर्ग म्हणायचा. त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. कळत काहीच नव्हतं, पण आवाजाची देणगी आमच्या आजोळची होती. मी परीक्षा पाठांतरावर काढली, आणि आकड्यांचं पाठांतर इतकं सुरेल झालं होतं की तबला मिळाला असता तर मैफल झाली असती.

त्या जोरावर शेंद्र्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी लागली, तीही चाचणीवर. इकडे वैजापूरला वडिलांची कांद्याची आडत. त्यांचं म्हणणं साधं होतं. "उन्हाळ कांदा यायच्या आत नोकरी पक्की झाली तर ठीक. नाय तर इथं ये, भुईकाट्यावर बस." भुईकाटा म्हणजे ट्रॅक्टर, ट्रक भरल्या मालासकट तोलायचा जमिनीतला मोठा काटा. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या मी त्या काट्याच्या खोलीत काढल्या होत्या. टरफलं केसांत, धूळ दातांत, आणि बाहेर ट्रॅक्टरवाल्यांची भांडणं. आज त्या कांद्याच्या वासानं माझा जीव कासावीस होतो तो आठवणीनं. तेव्हा व्हायचा तो वैतागानं.

शहरात मी मावशीकडं राहायचो. मावशीचं सगळं आयुष्य औरंगपुऱ्याजवळच्या एका बोळात गेलेलं. तिथं संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं कसं द्यायचं, याचं शास्त्र होतं. मावशी ओट्यावर उभी राहायची, पदर खोचायची आणि एकदाच हाक घालायची, "संध्याकाळी कुंकवाला या गं." बोळातल्या प्रत्येक दारातून ओ यायची. बोळाबाहेरच्या बायकांसाठी मात्र हाक नाही. त्यांचं बोलावणं कोपऱ्यावरच्या काकूंकडं सोपवायचं. काकूंच्या घराला दोन दारं, एक बोळात उघडणारं, एक मोठ्या रस्त्यावर. बाहेरचं कुठलंही बोलावणं, निरोप, भांडणसुद्धा त्यांच्याच घरातून आत-बाहेर जायचं. त्या ते पोचवायच्या, वर स्वतःची थोडी फोडणी घालायच्या.

मग मावशी सिडकोतल्या फ्लॅटमध्ये आली आणि तिला गॅलरी मिळाली. ओट्यापेक्षा उंच जागा. पहिल्याच संक्रांतीला ती तिथं उभी राहिली आणि समोरच्या रस्त्यापलीकडच्या इमारतींनाही आपल्याच बोळात घेऊन टाकलं. पदर खोचला, हाक घातली. मधून बस, टेम्पो, रिक्षा चालल्या होत्या. संध्याकाळी खालच्या-वरच्या बायका तेवढ्या आल्या. वाण म्हणून आणलेल्या स्टीलच्या वाट्यांची चळत तशीच उरली.

"कुणाला सांगून तरी पाठवायचं होतं," मी म्हणालो. "खालच्या दुकानवालीचं येणं-जाणं आहे तिकडं."

"सांगून कशाला? मी बोलावलं होतं की. माझ्या तोंडानं."

"पलीकडं ऐकू गेलं का पण?"

"त्यांचे कान बघ जाऊन. मला काय विचारायलास?"

तिळगुळाचा डबा माझ्यापुढं आदळला गेला. तो मी एकट्यानं संपवावा अशी अपेक्षा होती. मी ती पूर्ण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी बोलावलं. कारखान्याच्या गेटवर भुईकाटा होता, हो, इथंही. काट्यावरचं वजन चिठ्ठीवर लिहून एक माणूस सायकलवरून अकाउंट्सला न्यायचा. साहेब म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत ते वजन अकाउंट्सच्या स्क्रीनवर दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर उद्या कशाला येतोस एवढ्या लांब."

गेटवरचा कॉम्प्युटर काटा बसवणाऱ्यांनीच लावून दिला होता. गेटची मशीनं एका नेटवर्कात, अकाउंट्सची दुसऱ्या, मध्ये इकडचं तिकडं पोचवणारा राउटर. मी गेटच्या मशीनवरून शेजारच्या प्रिंटरला विचारलं, आहेस का? लगेच उत्तर. अकाउंट्सच्या मशीनला विचारलं. शांतता. वायर काढली, घातली. राउटरपाशी जाऊन आलो, त्याचे दिवे मजेत लुकलुकत होते. पुन्हा विचारलं. शांतता. दुपार झाली. डोळ्यांपुढं वैजापूरचा तो काटा आणि त्यावर बसलेला मी, केसांत टरफलं.

काट्यावरचा ऑपरेटर डबा उघडून माझी गंमत बघत होता. "साहेब, त्याला बोलवायलात का नुसतं बघायलात?"

"बोलवायलोय की," मी वैतागून म्हणालो.

आणि माझ्याच तोंडून मावशी बोलली असं वाटलं. बोलावलं होतं की मी.

मी गेटच्या मशीनचा मास्क उघडला. २५५.२५५.०.०. म्हणजे तिसऱ्या आकड्यालाही हे मशीन घर नंबर समजत होतं. अकाउंट्सचं पत्त्यातलं वेगळेपण नेमकं त्याच आकड्यात होतं, गेटचा एक, त्यांचा दोन. पण या बाईसाहेबांच्या लेखी सगळं एकाच बोळात. त्यामुळं निरोप राउटरकडं सोपवायचा प्रश्नच नव्हता. त्या गॅलरीत उभ्या राहून दिवसभर हाका घालत होत्या, आणि दोन दारांच्या काकू कोपऱ्यावर रिकाम्या बसून होत्या.

तिसऱ्या जागी २५५ घातलं. गल्ली आखडली. आता अकाउंट्स बाहेरचं झालं, म्हणून निरोप मुकाट्यानं राउटरकडं गेला, आणि पलीकडून ओ आली. फळ्यावरचा खडू, सर, तो जिना, सगळं एकदम लख्ख कळलं. मी खुर्चीतून उठून ऑपरेटरला मिठी मारली. त्याच्या डब्यातल्या वांग्याचा डाग माझ्या शर्टावर बरेच दिवस होता.

साहेबांनी स्क्रीनवर वजन उमटताना पाहिलं, पुढच्या ट्रकचंही पाहिलं. "बरं," ते म्हणाले. "उद्या स्टोअरचं घे. आणि पर्मनंटचा कागद घेऊन जा."

घरी आल्यावर मावशीला म्हणालो, "एक मशीन अगदी तुझ्यासारखं वागायलं होतं."

"मग चांगलंच असंल," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मात्र उरलेल्या वाट्या तिनं दुकानवालीच्या हाती रस्त्यापलीकडं पाठवल्या. वाट्यांच्या मागोमाग त्या बायकाच आल्या.

वडिलांना फोन लावला. "पक्की झाली," मी सांगितलं.

"काय केलंस असं?"

"भुईकाट्याचं वजन हापिसात दिसायला लागलं."

ते म्हणाले, "भुईकाटा इथं बी व्हता की." आणि वर, "सुट्टीत ये. आपल्याबी काट्याचं करून जा."

ते मी केलं. उन्हाळ कांदा यायच्या आतच केलं. वजन थेट आडतीतल्या त्यांच्या टेबलावर उमटायला लागलं. ते ऐटीत स्क्रीनसमोर बसायचे, आकडा पुढ्यात असायचा, आणि तरी खिडकीतून मान बाहेर काढून काट्याच्या दिशेनं ओरडायचे, "किती भरलं रं?"

त्या हाकेला ओ नेहमी यायची.