दोन अँगस्ट्रॉमची जवळीक

कुणाचं कुणाशी जमतं, हे बघण्याची मला लहानपणापासून खोड आहे. लग्नाला गेले की जेवणाकडे माझं लक्ष कमी. कोण कुणाशेजारी बसलंय आणि कोण कुणाला टाळतंय, हेच मी बघत बसते. आई म्हणायची, या नसत्या चौकशांचा तुला पुढे काय उपयोग? उपयोग झाला. वर्ध्याहून पुण्याला येऊन मी पीएचडीला लागले ती याच चौकशांसाठी, फक्त माणसांच्या जागी अमिनो आम्लं आली.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ. ती सरळ राहत नाही, स्वतःभोवती गुंडाळून तिचा घट्ट गोळा होतो. मग माळेत एकमेकांपासून फार दूर असलेले मणी गोळ्यात शेजारी येतात. कोण कुणाला टेकलंय आणि कुणाच्या आधाराने उभं आहे ते शोधायचं, हे माझं काम. क्ष-किरणांनी उलगडलेल्या प्रत्येक रचनेची एक फाइल असते आणि तिच्यात एकेका अणूचा पत्ता दिलेला असतो. फाइल प्रोग्रॅमला द्यायची, की तो सगळी अंतरं मोजून जवळच्या जोड्या काढून देतो. आमच्या लॅबमधला प्रोग्रॅम एका जुन्या सीनियरने लिहिलेला होता. तो केव्हाच परदेशी गेला, पण प्रोग्रॅम इतका जलद चालायचा की त्याच्या पोटात काय आहे हे कुणी उघडून बघितलं नव्हतं.

माझं प्रथिन गरम पाण्याच्या झऱ्यात राहणाऱ्या एका जिवाणूचं होतं. त्याचं थंड पाण्यातल्या जिवाणूतलं भावंड, म्हणजे जवळपास तसंच दुसरं प्रथिन, जरा ऊब लागली की उसवतं, आणि हे मात्र तसंच्या तसं. का, याचं उत्तर मला सापडलं होतं. एक आर्जिनिन आणि एक टायरोसिन, हे दोन मणी माळेत लांब लांब, पण गोळ्यात अगदी खेटून. भावंडात ही जोडी नव्हतीच. माझ्या थिसिसचं तिसरं प्रकरण या एका जोडीवर उभं होतं. फेलोशिप संपत आली होती आणि ते प्रकरण पडलं असतं तर पदवी न घेता गावी जावं लागलं असतं. तिकडे बाबांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं की पोरगी डॉक्टर होतेय. कसली डॉक्टर, हे सांगायची तसदी त्यांनी घेतली नव्हती, त्यामुळे सुट्टीत गेले की लोक मला गुडघे दाखवत.

माझ्या गाइड मॅडम नारायण पेठेतल्या. त्या कौतुक करायला लागल्या तरी आपलं काहीतरी चुकलंय असं वाटत राहतं. त्यांनी प्रकरण वाचलं आणि त्या जोडीतल्या अंतराखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

"दोन अँगस्ट्रॉम," त्या म्हणाल्या. "अहो, इतकी जवळीक अणूंना परवडत नाही. जरा चौकशी करा."

एका सेंटीमीटरचे दहा कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे अँगस्ट्रॉम. तेवढ्याशा अंतरावरून माझी अडवणूक व्हावी याचा मला मनस्वी राग आला. दुसऱ्या दिवशी राग ओसरला आणि खोड जागी झाली. खरंच की. रासायनिक बंध नसताना नुसत्या ओढीने जवळ आलेले अणूसुद्धा एकमेकांत साधारण तीन अँगस्ट्रॉम राखून असतात. हे दोघे त्याच्याही आत कसे शिरले? मी स्क्रीनवर चित्र उघडलं, तर तिथे दोघे चांगले दूर दिसत होते. चित्र म्हणतं दूर, प्रोग्रॅम म्हणतो खेटून. मी बरेच दिवस चित्रावरच संशय घेतला, कारण प्रोग्रॅमवर संशय घेणं मला सोयीचं नव्हतं.

तेव्हा मी वारज्याला राहत होते. एक खोली, एक कॉट आणि एक रूममेट. ती वाशिमची, चाकणच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायच्या कामावर, कायम रात्रपाळीला. संध्याकाळी पुलाखाली कंपनीची बस यायची आणि ती निघायची. त्यानंतर मी घरी पोचायचे. सकाळी मी बाहेर पडले की ती येऊन त्याच कॉटवर झोपायची. गुरुवारी तिला सुट्टी असे. आमच्या भागात तेव्हा गुरुवारीच पाणीही बंद असायचं, त्यामुळे आमच्या भेटीला नेहमी भरून ठेवलेल्या बादल्यांची सोबत.

अशाच एका गुरुवारी मी घरूनच काम करत होते आणि घरमालकीण काकू वर आल्या. टाकी लवकर संपते, ही त्यांची तक्रार. दोन पोरी दिवसरात्र खोलीत बसून गप्पा मारणार आणि दोघी मिळून पाणी उपसणार, मग पुरणार कसं? पुरावा म्हणून त्यांनी तारेवरचे दोन ओले टॉवेल दाखवले, खिडकीतले दोन कप दाखवले, कॉटवर एकावर एक पडलेल्या दोन गोधड्याही दाखवल्या. रूममेटने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, काकू, एकीचं अंथरूण दुसरी उचलते एवढाच आमचा संबंध. तोंड बघायला मिळतं ते गुरुवारी. काकूंना ते काही पटलं नाही. टॉवेल तर दोन आहेत, असं म्हणत त्या खाली गेल्या.

आम्ही हसत सुटलो. हसता हसता मी मध्येच थांबले. काकूंनी आमचं सामान मोजलं होतं. सामान शेजारी आहे म्हणजे माणसंही शेजारी, असं त्या धरून चालल्या होत्या. आणि माझा प्रोग्रॅम?

मी फाइल उघडली आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा प्रोग्रॅममधून न बघता नुसत्या डोळ्यांनी वाचली. स्फटिकात एकाच प्रथिनाच्या अगणित प्रती असतात आणि क्ष-किरणांना त्या सगळ्यांची मिळून एक छबी मिळते. काही प्रतींमध्ये एखादा मणी या अंगाला वळलेला असतो, काहींमध्ये त्या अंगाला. मग फाइलमध्ये त्याचे दोन्ही पत्ते देतात, एकापुढे ए आणि दुसऱ्यापुढे बी असं अक्षर टाकून. चित्र काढणारं सॉफ्टवेअर ते अक्षर पाहून एका वेळी एकच पत्ता दाखवत होतं. आमचा प्रोग्रॅम ते अक्षर वाचतच नव्हता. त्याने आर्जिनिनचा ए पत्ता घेतला, टायरोसिनचा बी पत्ता घेतला आणि दोघांना एका खोलीत बसवलं. प्रत्यक्षात गोळ्याच्या आत एक छोटी पोकळी होती. आर्जिनिन तिच्यात असलं की टायरोसिन बाहेर, आणि टायरोसिन आत आलं की आर्जिनिन बाहेर. दोघे एकाच जागी राहत होते, पण एका वेळी कधीच नाही.

तिसरं प्रकरण गेलं, हे मला लख्ख दिसत होतं. आणि तरी, खरं सांगते, मजाही वाटत होती. इतके दिवस छळणारं कोडं सुटल्याची ती मजा होती, आणि ती वाटल्याबद्दल मी स्वतःवरच चिडले होते.

मॅडमनी सगळं ऐकलं.

"म्हणजे दोन वर्षं आपण ज्यांचा संसार मांडला, त्यांची तोंडओळखही नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला महिनाभराची मुदत दिली. या पोकळीबद्दल काही सांगण्यासारखं निघालं तर प्रकरण ठेवायचं, नाहीतर काढायचं. ते काढल्यावर थिसिस म्हणून काही उरत नाही, हे दोघींनाही माहीत होतं. मी तो सीनियरचा प्रोग्रॅम दुरुस्त केला आणि त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या प्रयोगशाळांतून आलेल्या दोन फाइली अक्षरांसकट वाचल्या. एकीत नुसतं आर्जिनिन आत होतं, दुसरीत नुसतं टायरोसिन. म्हणजे अदलाबदल खरी होती. पण अदलाबदल होते, एवढं सांगून प्रकरण होत नाही. पुढे काय विचारायचं, हेच मला सुचेना.

मुदत संपत आली तेव्हाच्या गुरुवारी मी लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवर बसले होते. रूममेट केस विंचरत शेजारी येऊन बसली आणि हे काय चाललंय म्हणाली. मी तिला दोन्ही चित्रं दाखवली. हा आत तेव्हा तो बाहेर, तो आत तेव्हा हा बाहेर. आपल्या दोघींसारखंच, म्हटलं. तिने दोन्ही चित्रं पुन्हा पुन्हा पुढेमागे करून बघितली. बाहेर आम्ही दोघी पुणेरी मराठी सांभाळून बोलायचो, पण खोलीत ते ओझं नव्हतं.

"मंग यांचा गुरुवार कधी असते?" तिने विचारलं.

मी हसले आणि पुन्हा दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. एक निघाल्याशिवाय दुसऱ्याला जागा नाही, तर मधे केव्हातरी दोघे एकाच वेळी दारात असणारच. स्फटिकात फक्त दोन टोकं पकडली गेली होती, मधला तो क्षण कुणी पाहिला नव्हता. आणि मी आजवर लिहीत होते की हा गोळा टिकतो तो एकमेकांना घट्ट धरून ठेवल्यामुळे. उकळत्या पाण्यात तो कदाचित आतल्या आत एकमेकांना वाट देत असल्यामुळे टिकत असेल. ही अदलाबदल गरम झाल्यावर वाढते का, हे तर शोधता येण्यासारखं होतं. मी बसल्या जागी प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. तिने चहा केला आणि भरून ठेवलेल्या पाण्यातलं अर्धं त्यात संपवलं.

मॅडमनी ते माझ्यासमोरच वाचलं. शेवटच्या पानावर त्यांची पेन्सिल थांबली. दोघे एकाच वेळी त्या पोकळीच्या तोंडाशी केव्हा असतात, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं आणि हा प्रश्न कुठून आला असं विचारलं. रूममेटचा आहे, मी म्हणाले, ती कारखान्यात असते. त्यांनी रेघ ओढली नाही. प्रकरण राहू द्या, म्हणाल्या, आणि तिला एकदा घेऊन या.

"ती गुरुवारीच येऊ शकते," मी म्हटलं.

मॅडमचा गुरुवार कायम मीटिंगांचा. त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं, त्यातलं काहीतरी खोडलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "या मग. दोघी मिळून या."