रिकामी साइडकार

साइडकार नावाची एक दारू असते, हे मला पन्नाशीच्या तोंडावर नागपूरच्या एका हॉटेलात कळलं. बाळाचा पाळणा आईच्या पलंगाला जोडून ठेवतात, त्यालाही आता साइडकारच म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे. माझ्यासाठी साइडकार एकच, मामाजींच्या स्कूटरची. तिच्यात मामी बसायची.

आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, त्यानंतरच्या दोनचार वर्षांतली गोष्ट. मामाजी चिखल्याच्या मँगनीज खाणीतून रिटायर झालेले. स्कूटर डावीकडे वळवली की हलकी साइडकार उचलली जाते, आत वजन लागतं. म्हणून वळणाआधी मामाजी ओरडायचे, "वळतो वं!" आणि मामी आपलं भरभक्कम अंग डावीकडे, साइडकारबाहेर झुकवायची. मामी वारली, तरी मामाजींचं ओरडणं थांबलं नाही. वजनाला दगडसुद्धा ठेवू देईनात.

मामेबहीण घाबरली. मला म्हणाली, "भाऊ, बाबा एखांद्या दिवशी उलटून मरतीन. तुमसरले नेऊन थे डबडं खोलून आण."

मामाजी एवढंच म्हणाले, "तिले इचारलं का?"

भर दुपारी एकटाच स्कूटर घेऊन निघालो. पहिल्याच डाव्या वळणावर साइडकारचं चाक हातभर उचललं. नाल्यात जाता जाता वाचलो. दुसरं वळण दिसलं आणि माझ्यातला नकलाकार जागा झाला. हुबेहूब मामाजींच्या आवाजात हाक दिली, "वळतो वं!"

स्प्रिंग करकरली. चाक रस्त्याला चिकटून राहिलं.

मी हसलो. जरा जास्तच मोठ्यानं हसलो. तिसऱ्या वळणावर मुद्दाम गप्प राहिलो, तर चाक वर. चौथ्यावर हाक दिली, तर चाक खाली, आणि रिकामी सीट मधोमध दबलेली. त्यानंतर तुमसरपर्यंत मी एकही वळण गप्प राहून घेतलं नाही, आणि डावीकडे पाहिलंही नाही.

मेकॅनिकनं पाना लावला. पहिला बोल्ट अर्धा फिरला असेल नसेल, माझ्या तोंडून निघालं, "राहू दे गा."

"काहून? येवढ्या दुरून आणली अन् आता राहू दे?"

"राहू दे म्हटलं ना!"

घरी मामेबहीण दारातच उभी. "काहून तशीच वापस आणली?"

"मेकॅनिक नव्हता," मी धडधडीत खोटं बोललो.

मामाजी फडकं घेऊन साइडकारची सीट पुसू लागले. एका जागी त्यांचा हात थांबला. खाली वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "सरक जराशी."